सहावं नाव

तात्या गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात माईक होता. मी बहरीनमध्ये, मनामातल्या एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघतो. लोकांची लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, आणि निवेदक आयत्या वेळी आला नाही तर निवेदनसुद्धा. निवेदक आला नाही की मला मनातून फार आनंद होतो, हे मालकांना माहीत नाही. त्या दुपारी एका लग्नाची तयारी चालली होती. मी स्टेजवर उभा राहून "हॅलो, हॅलो" करत होतो, गरज नसताना आवाजाला चढउतार देत होतो, आणि खिशातला फोन वाजला. पलीकडे तात्याचा पुतण्या प्रकाश, देवगडच्या बाजूच्या त्यांच्या गावातून. "फ्रान्सिसकाका, आमचे काका गेले. सकाळी पेज जेवले, ओसरीवर जाऊन बसले, आणि..." माईक बंद करायचं मी विसरलो होतो. माझं "कोण? कोण गेलं?" त्या रिकाम्या हॉलभर घुमलं. टेबलांवर चादरी पसरणारे वेटर जागच्या जागी थांबले. चोवीस वर्षं मी लोकांसमोर दुःखाचे, आनंदाचे, आश्चर्याचे आवाज काढत आलोय. हा आवाज मी काढलेला नव्हता, आणि तो माझाच आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

दत्ताराम हे त्याचं पासपोर्टावरचं नाव. आम्हा सगळ्यांचा तो तात्या. बाप पाथरवट, जाती आणि पाटे-वरवंटे घडवणारा. तात्याही लहानपणापासून हातात टाकी-हातोडा धरून वाढला आणि बहरीनला येऊन मआमीर भागातल्या एका दगडाच्या वर्कशॉपमध्ये लागला. तिथं तो स्वयंपाकघराचे ओटे कापायचा. सिंकची भोकं पाडायची, कडा गोल करायच्या, पॉलिश मारायचं. या बेटावरच्या कितीतरी घरांत बायका तात्यानं कापलेल्या दगडावर कणीक मळतात, आणि त्यांना त्याचं नावही माहीत नाही. आमची ओळख मनामाच्या गुदैबिया भागातल्या एका खानावळीत झाली. मी वसईचा ख्रिस्ती, तो कोकणातला हिंदू, आणि दोघांची भांडणं एकाच विषयावर: बांगड्याच्या तिखल्यात खोबरं हवं की नको. मी गोष्ट सांगायला लागलो की सगळं टेबल हसायचं. तात्या मात्र घास चावत शांत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "फ्रान्शीस, ह्या तू नाटकात सांग. हयसर माणसा जेवतत." माझ्या गोष्टीतलं खरं किती आणि वरची फोडणी किती, हे त्याला न चुकता कळायचं. ते कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता जे सांगणार आहे, त्यात मी माझ्याकडून फोडणी घातलेली नाही. जी होती ती तेव्हाच घालून झाली होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉटेलात नेहमी येणारे एक निवृत्त इंग्रज इंजिनिअर होते, पीटरसाहेब. त्यांनी आणि त्यांच्या चार-पाच मित्रांनी एक छोटी समिती केली होती. दुसऱ्या महायुद्धात इथून बॉम्बफेकी विमानं उडायची. ती चालवायला शिकणारी मुलं विशी-बाविशीची. त्यातलं एक विमान सरावाच्या उड्डाणात, लढाईचं तोंडही न बघता, किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. आत सहा जण होते. त्यांच्यासाठी समुद्राकाठच्या एका मोकळ्या तुकड्यावर, कंबरभर उंचीचा एक साधा दगड उभा करायचा होता. "हातानं अक्षरं कोरणारा कुणी मिळेल का?" साहेबांनी मला विचारलं. मी कॉफी ओतत होतो. हातातली किटली मी खाली ठेवली, छाती पुढे काढली आणि सांगितलं की आमच्याकडे एक थोर मूर्तिकार आहेत, सात पिढ्या देवळं घडवणाऱ्या घराण्यातले. सात पिढ्या! तात्याच्या आजोबांपलीकडे कुणाचं नाव त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण साहेब खूश झाले, त्यांनी वर्कशॉपच्या मालकाशी बोलणं केलं, आणि ओटे कापणाऱ्या तात्यापुढे एक फिकट करडा दगड आणि सहा नावांचा कागद आला.

तात्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो कागद उलटा धरायचा, अक्षरं डोक्यावर, पाय वर. "सुलटा धरलंय तर हात आपल्या मनाचा लिवता," म्हणायचा. उलट्या अक्षराला अर्थ नसतो, नुसता आकार असतो, मग हात त्या आकाराच्या बाहेर जात नाही. बघायला आलेल्या पीटरसाहेबांना वाटलं, ही सात पिढ्यांची काही गुप्त विद्या असावी. मी त्यांचा गैरसमज अर्थातच दूर केला नाही. रोज काम संपल्यावर मी मआमीरला जायचो, गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचो, आणि टाकीच्या टकटकीवर तात्याला त्या सहा जणांची गोष्ट सांगायचो. साहेबांनी मला ती चार वाक्यांत सांगितली होती. माझ्या तोंडी ती चार दिवस चालली. विमान कसं खाली आलं, पाणी कसं उडालं, मोती काढणाऱ्यांच्या होड्या कशा धावल्या... आणि बुधवारी, पाचवं नाव कोरून होत असताना, मी कळसाला आलो. आवाज खाली नेला, हात आडवा फिरवला. "पाच जणांना वाळूत पुरलं, तात्या. पण सहावा... आर्थर... तो सापडलाच नाही. आजपर्यंत नाही!"

टकटक थांबली. तात्यानं मान वर केली नाही. फुंकर मारून पाचव्या नावातली भुकटी उडवली, टाकी फडक्यात गुंडाळली आणि हात धुवायला गेला. मला वाटलं, गोष्ट रंगली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन. "फ्रान्शीस, सहावा नाव मी कोरूचंय नाय."

शनिवारी सकाळी दगडाच्या अनावरणाचा कार्यक्रम. शुक्रवारी दगड जाग्यावर बसवून सिमेंट भरायचं. आणि आर्थरची धाकटी बहीण, ऐंशीला टेकलेल्या एडिथबाई, भाऊ गेला तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या असलेल्या, त्या कार्यक्रमासाठी व्हीलचेअरवरून त्या गुरुवारीच विमानात बसणार होत्या. हेही मीच त्याला आदल्या दिवशी रंगवून सांगितलं होतं. दुपारी हॉटेलातून पोटदुखीचं निमित्त काढून मी मआमीरला धावलो. कामगार जेवून पडले होते, मशीन बंद होती. तात्या दगडासमोर उकिडवा बसला होता. पाच नावं झाली होती आणि त्यांच्याखाली एक कोरी ओळ.

"पाच जणांची माती झाली," तो म्हणाला. "सहावो खय आसा?"

"अरे, गेला तो! सत्तरच्या वर वर्षं होऊन गेली."

"सापडूक नाय म्हणजे गेलो, असा कोणी सांगल्यान?"

आणि मग मला आठवलं, जे मला आधीच आठवायला हवं होतं. तात्याचा थोरला भाऊ, प्रकाशचा बाप, ट्रॉलरवर खलाशी होता. एका वादळात होडी सापडली, दादा सापडला नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा झाली, वर आणखी झाली, आणि त्यांच्या आईनं पुतळा करू दिला नाही. "आय अजून दादाच्या फोटोक हार घालूक देणा नाय," तात्या म्हणाला. "वयनी कुंकू लावता. आणि मी हयसर बसान दुसऱ्याच्या आवशीचो झील दगडात घालू? तेच्या आवशीन नायतर भयणीन 'कोर' म्हणान सांगूचा. मगे कोरतलंय."

मी ख्रिस्ती माणूस. आमच्यात नाव दगडावर लागलं की मगच माणूस विसावला. नाव नसलेली कबर बघवत नाही आम्हाला. तात्याला आई-बहिणीच्या शब्दावाचून कुणाच्या मुलाचं नाव कोरणं म्हणजे दार लावून घेणं वाटत होतं. दोघांच्या मध्ये तो करडा दगड. मी समजावलं, ओरडलो, सात पिढ्यांची आण घातली, ज्या मीच निर्माण केल्या होत्या. "ती म्हातारी एवढ्या लांबून येणार आणि भावाचं नाव नाही म्हणून बघणार? तिला काय सांगू मी?" तात्या म्हणाला, "तिका माजा नाव सांग." त्याचा स्वर शांत होता, आणि तोच मला घाबरवत होता. चिडलेल्या माणसाला वळवता येतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते. साडेचारला मालक दगड बघायला येणार होता. अर्धा दगड दिसला तर तात्याची नोकरी राहिली नसती, हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि तात्यानं ते तोंडातून काढलंही नाही.

मग मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चोख काम. मी खिशातून फोन काढला. आकडे दाबले, कुठलेही. गाळ्याच्या दाराशी जाऊन, पाठ अर्धी तात्याकडे करून, मी इंग्रजीत एडिथबाईंशी बोललो. थांबलो. ऐकलं. "येस, मॅडम," म्हणालो. परत ऐकलं, डोळे मिटले, एकदा आवंढा गिळला. फोन बंद करून वळलो आणि म्हणालो, "तात्या, बाई रडल्या. म्हणाल्या, कोर. आईचीही तीच इच्छा होती म्हणाल्या."

तात्या माझ्याकडे बघत राहिला.

"विमानात फोन लागता?"

"लागतो आता," मी म्हणालो. "नवीन सोय झालीय."

"खरा मां?"

"खरं."

"बरा," तात्या म्हणाला. त्यानं फडकं सोडलं, कागद उलटा केला, आणि गुडघा टेकून बसला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत टकटक सुरू झाली. मालक आला तेव्हा सहाही नावं काळ्या रंगात चमकत होती. तो म्हणाला, "खलास? गुड." आणि चहा मागवला.

शनिवारी वारा होता. शामियान्याचे दोर ओढ खात होते, खुर्च्या तीस-चाळीस, आणि निवेदक, सांगायला नकोच, मी. पीटरसाहेब बोलले, कुणीतरी प्रार्थना म्हटली, आणि एडिथबाईंनी व्हीलचेअरवरून वाकून दगडावरचं कापड ओढलं. त्यांनी सहाही नावं मोठ्यानं वाचली. शेवटचं दोनदा. मी मनाशी म्हणतच होतो, आता चहा आणि सँडविच, सुटलो... तेवढ्यात मागच्या रांगेतून इस्त्रीचा शर्ट घातलेला तात्या सरळ पुढे चालत आला. कार्यक्रमपत्रिकेत तो नव्हता. बाईंसमोर उभा राहिला, हात जोडले आणि मला म्हणाला, "तिका इचार. मी नाव कोरलंय तां चालतला मां?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाईंना सांगितलं, "यांनीच हा दगड घडवला. आपल्याला भेटून त्यांना धन्यता वाटते."

बाईंनी तात्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या बोलल्या ते शब्द मी परवापर्यंत कुणालाही सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या, "आमच्या आईनं गावाच्या स्मारकावर आर्थरचं नाव घालू दिलं नाही. ती मरेपर्यंत म्हणत होती, तो अजून यायचाय. पण आई आता नाही, आणि मला जायच्या आधी ते कुठंतरी लिहिलेलं बघायचं होतं. यांना सांगा, मी बघितलं."

म्हणजे तात्याला वाटत होतं तसंच झालेलं होतं, एका परक्या देशात, एका परक्या आईच्या घरात. मी घाबरलो. आईनं नको म्हटलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात वाजत राहिलं. त्यापुढचं वाक्य मी ऐकलं आणि ऐकलंच नाही. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "बाई म्हणतात, त्यांच्या आईचा आत्मा आज शांत झाला."

तात्यानं मान हलवली. बाईंच्या हातातून हात सोडवून घेतला, परत दोन्ही हात जोडले, आणि मागं जाऊन आपल्या जागी बसला. सँडविच त्यानं खाल्लं नाही.

या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. खानावळ चालू राहिली, भांडणं चालू राहिली. एडिथबाई परतल्या आणि दोन वर्षांनी वारल्याचं पीटरसाहेबांनी सांगितलं. साहेबही मग देश सोडून गेले. समिती पांगली, तसा त्या दगडाकडे बघणारा कुणी उरला नाही. तात्या मात्र दर शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, एक फडकं, रंगाची डबी आणि पाण्याची बाटली घेऊन तिथं जायचा. मी कधी त्याला गाडीतून सोडायचो आणि काचा वर करून एसीत बसून राहायचो. उन्हानं उडालेला रंग तो परत भरायचा, सहाही नावांत. कधी कधी त्याच्या पिशवीत टाकीही असायची. मला वाटायचं, सवय. मध्ये तात्याची आई गेली. दादाच्या फोटोला तेव्हाही हार पडला नाही. "आता मी सांगलंय, नको," तात्या म्हणाला, एवढंच.

आषाढात रजेवर गेला तो परत आलाच नाही.

बातमीनंतरच्या शुक्रवारी मी एकटा तिथं गेलो. जायचं कारण मला नीट सांगता येणार नाही. खोलीवरून तात्याची पिशवी आणली होती, तीच घेऊन गेलो. तो रजेवर गेल्यापासून दोन महिने वाळूचा वारा सुटलेला. दगडावर धूळ जाड बसली होती आणि रंग फिकटला होता. मी फडकं मारायला लागलो. पहिल्या पाच नावांत वाळू इतकी ठासली होती की फडक्यानं निघेना. एका काडीनं अक्षर अक्षर कोरून काढावी लागली, नखाएवढी खोल अक्षरं ती. पाचवं संपवून मी सहाव्यावर काडी ठेवली, आणि काडी घसरली. आत वाळू नव्हती. मी बोट फिरवलं. अक्षरं जेमतेम होती. दगडावर ओरखडा उठावा, तेवढी. इतकी वर्षं काळ्या रंगाखाली ती बाकीच्यांसारखीच दिसत आली होती. दगड घासायचा एक चकतीवाला ठोकळा त्या पिशवीतच होता. दहा मिनिटं घासलं असतं तर आर्थर दगडावर उरला नसता.

मी तिथंच वाळूत बसलो. विमानात फोन लागत नाही, हे तात्याला गुरुवारी पावणेतीनला कळलेलं होतं. माझ्यासाठी, म्हातारीसाठी आणि साडेचारला येणाऱ्या मालकासाठी त्यानं नाव घातलं, पण पुसता येईल असं घातलं. आणि शनिवारी तो बाईंसमोर आला तो माझं ऐकून आभार मानायला आला नव्हता. तो तेव्हा पहिल्यांदा, खरोखर विचारत होता. नको म्हणाल्या असत्या तर त्यानं त्याच दिवशी ते घासून टाकलं असतं. आणि त्या नको म्हणाल्या नव्हत्या! 'मी बघितलं' म्हणाल्या होत्या, 'यांना सांगा' म्हणाल्या होत्या. त्याला हवी असलेली परवानगी बाईंनी माझ्या हातात ठेवली होती, आणि मी ती खिशात घालून त्याला एक शांत झालेला आत्मा दिला. तात्यानं तो घेतला नाही. त्यानंतर दर शुक्रवारी टाकी पिशवीत घेऊन तो तिथं जात राहिला आणि त्या अक्षरांना त्यानं एकही घाव घातला नाही. माझ्या अभिनयाबद्दल आजवर मिळालेलं हे सर्वांत खरं मत.

प्रकाशला मी परवा फोन केला आणि सगळं सांगितलं, एडिथबाईंचे शब्द, होते तसे. वर काही न घालता बोलणं मला जड गेलं, दोनदा चुकलो. मग त्यानं विचारलं, "मग आता तुम्ही ते नाव खोल करून घेणार काय, काका?"

मी नाही म्हणालो. ते ठरवणारा माणूस गेला, आणि माझ्या शब्दावर दगडाला हात लावावा, असा माझा शब्द नाही. मी फक्त रंग भरतो. गेले तीन शुक्रवार जातोय. पाच नावं सोपी आहेत, रंग आपोआप खोबणीत बसतो. सहाव्याला खोबणच नाही. ब्रश जरा हलला तर आर्थर बाहेर सांडतो, मग पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तात्या हे श्वास रोखून, एका दमात करायचा. मला अजून चार वेळा थांबावं लागतं.